सामान ज्याचे त्याचे

एस.टी.चे स्थानक असो, रेल्वेचा फलाट असो, पोहण्याचा तलाव असो की देवळाबाहेरचा चपला ठेवण्याचा स्टँड, एक पाटी सगळीकडे असते. ‘आपल्या सामानाची जबाबदारी आपली स्वतःची आहे.’ कुठे ती रंगवलेली असते, कुठे कागदावर टाइप करून चिकटवलेली, कुठे नुसती खडूने लिहिलेली. आपण ती इतक्या वेळा वाचलेली असते की पुढे पुढे ती दिसेनाशीच होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवरची जाहिरात दिसेनाशी होते, तशी. मलाही ती कधी दिसली नव्हती.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही दोघे नणंदेकडे निघालो होतो. तिच्या सासऱ्यांचे ब्लडप्रेशर मोजायचे यंत्र महिनाभर आमच्याकडे होते, ते परत करायचे होते. रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू घेतले. परतताना गारठा असेल म्हणून यांचा एक स्वेटर. सगळे मिळून एक कापडी पिशवी. संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या उपनगरी स्थानकात बाकावर टेकलो. पिशवी दोघांच्या मधे, बाकाखाली सरकवून ठेवली.

मुंबईकरांना सांगायला नको. पण इंदूर, हैदराबाद, बेळगावच्या वाचकांसाठी सांगते. लोकलमध्ये बायकांचे डबे वेगळे असतात. जोडप्याने निघालेली माणसे गर्दीच्या वेळी फलाटावरच एकमेकांचा निरोप घेतात आणि उतरल्यावर पुन्हा भेटतात. गाडी आली, हे त्यांच्या डब्याकडे धावले, मी माझ्या. मला वाटले, पिशवी यांनी घेतली. यांना वाटले, लाडू आहेत म्हणजे पिशवी हिच्याकडेच असणार. चार स्थानके पुढे उतरून पुलाच्या पायथ्याशी भेटलो आणि दोघांनी एकदमच विचारले, “पिशवी?”

त्यानंतरची दोन मिनिटे कुठल्याही घरात होते तशीच गेली. “मी तुमच्यासमोर पर्स आणि छत्री घेतली, तिसरी वस्तू मी कशी घेणार?” “अगं, पण तू बाकावर त्या बाजूला बसली होतीस!” एवढे सगळे बोलून झाल्यावर लक्षात आले की परत जायला हवे.

परत पोहोचलो तोवर पाऊण तास होऊन गेला होता. गाडीतून उतरलो तेव्हा फलाटाचा अर्धा भाग दोरी लावून मोकळा केलेला. दोरीच्या अलीकडे गर्दी. माणसे मोबाइल उंच धरून काहीतरी टिपत होती. “काय झाले?” म्हणून मी एका बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “बाकाखाली बॉम्ब आहे म्हणे. वायर बाहेर आलीय.”

वायर कसली! यंत्राची ती काळी रबरी नळी. दंडाला पट्टा बांधून हवा भरतात, ती. घाईघाईत भरताना तिचे टोक मी आत खुपसले नव्हते.

आता जे सांगते आहे ते सांगायला मला बरे वाटत नाही. मी यांचा हात धरला आणि हळूच म्हणाले, “अहो, चला. घरी जाऊ. यंत्र दुसरे घेऊन देऊ.” पोलीस, ते इतके सगळे मोबाइल, ओळखीचे कोणी बघितले तर, कुठे कसले कागद लिहून द्यावे लागतील, हे सगळे एका क्षणात डोक्यातून गेले. आम्ही चोरी केली नव्हती, पण मनाची तयारी मात्र पळून जाण्याची झाली होती. यांनी माझ्याकडे नुसते बघितले. मग दोरीपाशी उभ्या असलेल्या पोलिसाकडे जाऊन म्हणाले, “साहेब, ती पिशवी आमची आहे.”

त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “कशावरून?” पिशवीचा रंग विचारला. हे म्हणाले, तपकिरी. मी म्हणाले, मरून. चौतीस वर्षांचा संसार, पण पिशवीच्या रंगावर एकमत नाही! आत काय आहे ते विचारले. मी लाडवांची संख्यासुद्धा सांगितली. तरी त्यांनी आम्हाला पिशवीजवळ जाऊ दिले नाही, आणि ते योग्यच होते. कोणीही येऊन ‘माझी आहे’ म्हटले म्हणून विश्वास कसा ठेवायचा? श्वानपथक आले, कुत्र्याने पिशवी हुंगली, मग यंत्र घेऊन आलेल्या माणसांनी ती तपासली. नंतर आमची नावे, पत्ता, ओळखपत्र, जबाब. रागावून बोलणे झाले, पण आम्हाला वाटले होते त्याच्या निम्म्यानेही नाही.

मला खरी लाज वाटली ती पुढे. दोरी लावण्याआधीपासून, म्हणजे पिशवी कोणाच्या तरी नजरेस पडली तेव्हापासून, एक होमगार्डची मुलगी तिथे उभी होती. लोकांना मागे सारत होती. माझ्या धाकट्या मुलीपेक्षा लहान असेल. पिशवीपासून दहा-पंधरा पावलांवर. सगळे झाल्यावर तिने मला विचारले, “काकू, डब्यात काय होतं हो?” मी म्हणाले, “लाडू.” “लाडू!” म्हणून ती हसली आणि मग त्याच बाकावर मटकन बसली. पाणी प्यायली. मी डबा उघडून पुढे केला, तर म्हणाली, “ड्यूटीवर आहे, नको.” माझ्या दृष्टीने ती विसरलेली पिशवी होती. त्या मुलीच्या दृष्टीने पाऊण तास तो बॉम्ब होता, आणि तिने आपली जागा सोडली नव्हती. मी मात्र दोरीच्या अलीकडूनच पळायला निघाले होते.

त्या रात्री मी बराच वेळ हाच विचार करत होते. हरवलेल्या वस्तूचा विषय निघाला की आपण नेहमी नुकसानीचा हिशेब करतो, तोही आपल्या नुकसानीचा. अमुक रुपयांचे यंत्र, तमुक रुपयांचा डबा. पण सार्वजनिक जागी विसरलेली वस्तू आपल्या हातातून सुटली म्हणजे तिथेच संपत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात पडते. ती प्रथम पाहणाऱ्याच्या, तिच्यापाशी उभे राहणाऱ्याच्या, ती उघडणाऱ्याच्या. आमची पिशवी पहिल्यांदा पाहिली ती फलाटावरच्या बूटपॉलिशवाल्याने. त्याची पेटी त्याच बाकाच्या पलीकडे. संध्याकाळी सहा ते सात ही त्याची धंद्याची वेळ, ती सगळी दोरीपलीकडे गेली. त्याने त्याचे पैसे कोणाकडे मागायचे?

आमच्या लहानपणी बाकावर पिशवी राहिली तर शेजारचा माणूस ती उचलून ‘कोणाची हो ही?’ म्हणून ओरडायचा. पिशवी घेऊन गाडीमागे धावायचासुद्धा. हे बदलले त्याला कारणे आहेत, आणि ती विसरण्याजोगी नाहीत. १९८५ च्या मे महिन्यात दिल्लीत आणि आसपासच्या राज्यांत ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेले बॉम्ब फुटले. बसमध्ये, रस्त्याकडेला पडलेला रेडिओ कोणी हौसेने उचलला आणि जिवाला मुकला. तेव्हापासून ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ हे वाक्य आपल्या कानांवर पडू लागले. मग मुंबईत १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट झाले. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्याच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, तोही तिथे ठेवून दिलेल्या बॅगेत. ज्यांच्या घरातले माणूस यात गेले, त्यांना बेवारस पिशवी म्हणजे काय ते कोणी समजावून सांगायला नको. त्यामुळे आज कोणी आपली पिशवी उचलून आपल्यामागे धावले नाही, तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने ओरडून पोलिसाला बोलावले, हेच त्याचे कर्तव्य होते. मागे धावण्याचे काम आता आपल्यालाच करायला हवे, तेही वस्तू मागे राहण्याआधी!

त्या पाटीकडे पुन्हा वळते. पाटी लावली म्हणजे सगळी जबाबदारी झटकता येते का? आमच्याकडे यावर वाद झाला तेव्हा मी थोडी माहिती काढली. रेल्वेपुरते बोलायचे तर १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १०० स्पष्ट आहे. सामान रेल्वेकडे नोंदवून पावती घेतली असेल तर रेल्वे जबाबदार. जे सामान प्रवासी स्वतःजवळ बाळगतो, त्याची जबाबदारी रेल्वेवर तेव्हाच येते, जेव्हा रेल्वेचा किंवा तिच्या नोकरांचा निष्काळजीपणा वा गैरवर्तन सिद्ध होते. एका व्यापाऱ्याने रात्रीच्या गाडीत कमरेच्या पट्ट्यात बांधून नेलेले एक लाख रुपये चोरीला गेले. ग्राहक मंचांनी त्याच्या बाजूने निकाल दिले होते. पण २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. स्वतःच्या अंगावरचे सामान प्रवाशाला सांभाळता आले नाही, तर ती रेल्वेच्या सेवेतली त्रुटी म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. मात्र आरक्षित डब्यात भलत्याच लोकांना शिरू दिले आणि त्यातून चोरी झाली, अशा काही प्रकरणांत ग्राहक आयोगांनी रेल्वेला भरपाई द्यायलाही लावली आहे.

उलट, वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिली की पाटी तेवढी बलवान राहत नाही. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात एका पाहुण्याने १९९८ मध्ये गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे सोपवली. गाडी चोरीला गेली. पावतीवर छापलेलेच होते की गाडी मालकाच्या जोखमीवर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१९ मध्ये निकाल लागला की किल्ली ताब्यात घेतली म्हणजे काळजी घेण्याची जबाबदारीही घेतली. नुसते छापून ती टळत नाही. थोडक्यात काय, तर पावती घ्या आणि जपून ठेवा. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत म्हणून आपण तिथल्या माणसाशी हुज्जत घालतो, पण तो नियम आपल्याच सोयीचा आहे.

पण आमच्यासारख्यांची वस्तू हरवते ती चोराने नेल्यामुळे थोडीच! ती आपण होऊन ठेवून येतो. आणि मग ती सापडते कोणाला तरी. त्याची बाजू मी एकदा अनुभवली आहे.

काही वर्षांपूर्वी वडोदऱ्याला भावाकडे गेले होते. शनिवारी दुपारी रिक्षाने घरी येताना पायाला काहीतरी लागले. सीटखाली प्लॅस्टिकची फाइल. उघडून पाहिली तर कोणा मुलीची दहावी-बारावीची मूळ गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि चार छोटे फोटो. रिक्षावाला म्हणाला, सकाळपासून वीसेक भाडी झाली, कोणाची ते कसे सांगू? त्याचेही खरे होते. फाइल रिक्षात ठेवून उतरावे की बरोबर घ्यावी? मी घेतली. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, “वन्सं, कशाला हे लचांड गळ्यात घेतलंत? रिक्षातच राहू द्यायची होती. शोधत आले असते.” कुठे शोधत येणार होते? शहरात रिक्षा किती!

फाइलीच्या मुखपृष्ठावर नाव, पत्ता, फोन लिहायला छापील रेघा होत्या. तिन्ही कोऱ्या. दाखल्यावर शाळेचे नाव होते, पण शाळा शनिवारी दुपारी बंद झालेली, रविवार सुट्टीचा. माझे रविवारचे परतीचे तिकीट होते, ते रद्द केले. सोमवारी सकाळी भावाला घेऊन शाळेत गेले. तिथल्या कारकुनाने जुने रजिस्टर काढून वडिलांचा नंबर शोधून दिला. तासाभरात बाप-लेक आले. मुलीचे डोळे सुजलेले. मंगळवारी कॉलेजात मूळ कागद दाखवायचे होते, नाही तर प्रवेश गेला असता. दोन दिवस घरात सगळे तिला बोलत होते आणि ती पोर प्रत्येक रिक्षा थांबवून विचारत होती. फाइल हातात घेतल्यावर तिने आधी प्रत्येक कागद मोजला, मग रडली. त्या बाप-लेकीला मी काहीही शहाणपण शिकवले नाही. फक्त माझ्या पर्समधले पेन काढून तिला दिले आणि त्या तीन कोऱ्या रेघांवर बोट ठेवले.

आपला कायदा अशा सापडलेल्या वस्तूबद्दल काय म्हणतो, ते नंतर एका वकील परिचितांनी सांगितले आणि मी चकित झाले. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७१ म्हणते की दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याच्यावर ती सांभाळण्याची तशीच जबाबदारी येते, जशी विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूची असते. म्हणजे उचलले की बांधले गेलो! वस्तू परत करताना झालेल्या खर्चासाठी मालकावर दावा लावता येत नाही, पण खर्च मिळेपर्यंत वस्तू राखून ठेवता येते. आणि मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर त्यासाठी दावाही करता येतो. मी काही फाइल अडवून धरली नाही. त्यांनी आणलेला पेढ्यांचा पुडा मात्र घेतला.

आणि उचलून खिशात घातली तर? १८६० च्या भारतीय दंड संहितेत याबद्दल उदाहरणे दिलेली होती, ती वाचून मजा वाटते. एकाला रस्त्यात रुपया सापडतो, तो कोणाचा हे त्याला ठाऊक नाही, तो उचलतो. गुन्हा नाही. दुसऱ्याला पत्र सापडते, आत नोट असते, पत्रावरून मालक कोण ते कळते, तरी तो नोट ठेवून घेतो. गुन्हा. तिसरा एखाद्याचे पाकीट पडताना बघतो, परत द्यायच्या इराद्याने उचलतो आणि मग त्याचे मन फिरते. तोही गुन्हा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत याला कलम ३१४ आहे; शिक्षा निदान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे कैद, शिवाय दंड. ‘सापडले ते माझे’ हा नियम गोट्या खेळणाऱ्या मुलांचा. कायद्याने तो कधी मानलेला नाही.

म्हणजे वस्तूवर मालकाचे नाव असले की सापडणाऱ्याचे काम सोपे होते, आणि मन फिरायलाही जरा अवघड होते. यावर एक मोठा प्रयोगही झालेला आहे. चाळीस देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून अधिक पाकिटे ‘सापडली’ म्हणून बँका, पोस्ट, हॉटेले, नाट्यगृहे अशा ठिकाणच्या काउंटरवर देण्यात आली आणि किती परत येतात ते पाहिले. भारतही त्यात होता. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाकिटे पारदर्शक होती. आत मालकाच्या नावाची कार्डे, वाणसामानाची यादी, एक किल्ली. काहींत पैसे, काहींत नाहीत. तुम्हाला काय वाटते, कुठली जास्त परत आली? चाळीसपैकी अडतीस देशांत पैसे असलेली! शिवाय, ज्या पाकिटांत किल्ली होती त्यांच्याबद्दल लोकांनी जास्त काळजी दाखवली. किल्लीचा सापडणाऱ्याला काही उपयोग नाही, पण हरवणाऱ्याचा जीव तिच्यात अडकलेला, हे लोकांना कळले होते. पण हे सगळे घडले ते आत नाव आणि संपर्क होता म्हणून.

आणि नाव घालण्याच्या बाबतीत आम्हा मराठी बायकांना कोणी शिकवायला हवे? आमच्या घरातल्या स्टीलच्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे. पातेल्यावर, वाटीवर, चमच्यावरसुद्धा. लग्नातली भांडी ‘चि. सौ. कां. हिस, मामाकडून’ अशी तारखेसकट. शेजारी वाटीभर भाजी गेली तर वाटी परत यायलाच हवी, म्हणून ही व्यवस्था. त्या दिवशीच्या लाडवांच्या डब्याच्या तळाशीही माझे नाव कोरलेले होते! पण तो आत, पिशवीत. बाहेरच्या पिशवीवर, हजार-दोन हजारांच्या यंत्रावर, प्रवासाच्या बॅगेवर, मुलांच्या कागदांच्या फाइलीवर काही नाही. वीस रुपयांच्या चमच्याला नाव आणि जन्माच्या कागदांना नाही, हा आमचा कारभार.

तेव्हा त्या रविवारी घरातल्या सगळ्या बॅगा खाली काढल्या आणि कार्डाच्या तुकड्यावर नाव आणि दोन मोबाइल नंबर लिहून प्रत्येकीच्या आत एक व बाहेर एक अडकवले. दोन नंबर अशासाठी की बॅगेबरोबर आपला फोनही गेला तर? किल्ल्यांच्या जुडग्याला मात्र पत्ता लावू नका, नुसता फोन नंबर. घराची किल्ली आणि घराचा पत्ता एकत्र देण्याइतके उदार होऊ नये. मोबाइलवर *#०६# दाबले की पंधरा आकडी नंबर दिसतो, तो वहीत टिपून ठेवावा. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या २०२३ मध्ये सुरू झालेल्या सोयीतून हरवलेला फोन बंद करवता येतो, तेव्हा पोलिसांकडच्या तक्रारीबरोबर हा नंबर लागतो.

गाडीत काही राहिले तर घरी जाऊन हळहळत बसू नये. लगेच १३९ ला फोन करावा आणि गाडीचा नंबर, डबा, बर्थ सांगावा. पुढच्या स्थानकावर रेल्वे सुरक्षा दलाचे लोक डबा पाहू शकतात. ‘ऑपरेशन अमानत’ नावाने ते राहिलेले सामान परत करण्याचे काम करतात. एस.टी.त राहिले तर वाहक ते आगारात जमा करतो; म्हणून तिकीट उतरताच चुरगाळून टाकू नये, बस ओळखायला तेच उपयोगी पडते. आणि रिक्षात बसण्याआधी तिचा नंबर वाचायची सवय. मी आता तो मोठ्याने वाचते, त्यामुळे रिक्षावाले माझ्याकडे संशयाने बघतात. बघोत.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती सांगून टाकते. आपण विचारायला जाणेच सोडले आहे. कोणत्याही शाळेत वर्षअखेरीला जाऊन बघा, कपाटात पाण्याच्या बाटल्या, स्वेटर, डबे, कंपासपेट्या यांचा ढीग असतो. घ्यायला कोणी येत नाही. मूल घरी येऊन सांगते, बाटली हरवली. आई दुसऱ्या दिवशी नवी आणते. माझी एक शाळाशिक्षिका मैत्रीण म्हणते, मुलाला आम्ही बाटली दाखवली तरी ‘माझी नाही’ म्हणतो, कारण घरी नवी आलेली असते. आम्ही लहानपणी छत्री हरवून आलो तर आई जेवायला वाढायची नाही. आधी शाळेत जा, वाण्याकडे जा, विचारून ये. मुलांना उपाशी ठेवा असे मी म्हणत नाही! पण परत जाऊन विचारण्याची, ‘हो, ती माझीच, मी विसरलो’ म्हणण्याची जी किंचित शरम असते, ती लहानपणी दोन-चारदा सोसलेली बरी. नाही तर साठीला आल्यावर भर फलाटावर नवऱ्याचा हात धरून ‘चला, घरी जाऊ’ म्हणायची वेळ येते.

आमच्याकडे आता कामाची वाटणी ठरली आहे. ‘आपले सामान’ असे काही उरलेलेच नाही. निघताना कोणती वस्तू कोणाची हे उंबरठ्यावर ठरते, आणि ती ज्याची त्याने उतरेपर्यंत सांभाळायची. उठताना बसल्या जागेकडे एकदा वळून बघायचे. हे तर हल्ली लग्नातही पंगतीतून उठताना मोठ्याने मोजतात, “चष्मा, मोबाइल, पाकीट, बायको.” लोक हसतात.

यंत्र नणंदेकडे पोहोचले. तिच्या सासऱ्यांनी त्या रात्री आमच्या दोघांचेच ब्लडप्रेशर मोजले. आकडे सांगत नाही. लाडवांपैकी निम्मे दुसऱ्या दिवशी त्या फलाटावर घेऊन गेले. ती होमगार्डची मुलगी काही भेटली नाही, तिची पाळी बदलली होती. बूटपॉलिशवाला होता. त्याने लाडू घेतले, पण यांचे बूट पॉलिश करून दिल्याचे पैसेही अगदी मोजून घेतले, आणि मला ते आवडले. आता आम्ही त्या बाकावर बसलो आणि गाडीची घोषणा झाली की तो ब्रशाने पेटीवर दोनदा टकटक करतो आणि मान वर न करता विचारतो, “आंटी, थैली?”